कार्टचं स्टेटस बदलून ऑर्डर बनवू नकोस

तू दादा म्हणालास म्हणून अरे-तुरे करतोय, चालवून घे. आधी तुझा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मामांच्या दादरच्या फरसाण-फराळाच्या दुकानाची साइट तू स्प्रिंग बूट (जावाची चौकट), हायबरनेट (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलात ठेवणारी लायब्ररी) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर बनवतोयस. कस्टमर, कार्ट आणि प्रॉडक्ट असे तीन एंटिटी क्लास (ज्यांचं डेटाबेसमध्ये टेबल होतं ते) आहेत, कार्टमध्ये प्रॉडक्टची लिस्ट मेनी-टू-मेनी (एका कार्टमध्ये अनेक प्रॉडक्ट, एक प्रॉडक्ट अनेक कार्टमध्ये) लावलीये, किंमत डबलमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) आहे आणि पैसे आले की त्याच कार्टचं स्टेटस बदलून ती ऑर्डर होते. आता क्वांटिटी कुठे ठेवायची ते कळत नाहीये, कार्टचं पान रखडत उघडतं, आणि दिवाळीच्या आधी लाइव्ह जायचंय, ओळखीतल्या लोकांच्या थोड्या ऑर्डरी तर घेऊनही झाल्यात.

क्वांटिटीचं उत्तर सोपं आहे, ते आधी उरकतो. मेनी-टू-मेनीचं जे मधलं टेबल हायबरनेट बनवतं त्यात दोनच कॉलम असतात, कार्टचा आयडी आणि प्रॉडक्टचा आयडी, तिसरं काही टाकायला जागाच नाही. मग लोक काय करतात, चकलीची तीन पाकिटं हवीत तर लिस्टमध्ये चकली तीनदा घालतात, आणि ते चालतं पण. पण एसक्यूएलचा लॉग चालू करून एकदा बघ काय होतं ते. कार्टमध्ये आठ वस्तू आहेत, तू एक काढलीस, तर हायबरनेट त्या कार्टच्या मधल्या टेबलातल्या सगळ्या ओळी डिलीट करतो आणि उरलेल्या सात परत एकेक करून इन्सर्ट करतो. त्याचीही चूक नाही म्हणा, क्रमाचा कॉलम नसलेली लिस्ट त्याच्या दृष्टीने नुसती पिशवी आहे, तीन चकल्यांपैकी नक्की कुठली काढायची हे त्याला कसं कळणार.

तेव्हा मेनी-टू-मेनी काढून टाक आणि मधल्या टेबलाची स्वतःची एंटिटी कर, मी तिला कार्टलाइन म्हणतो. तिच्यात कार्ट, वस्तू, क्वांटिटी आणि कधी टाकली ती वेळ, बस. आयडी तिचा स्वतःचा ठेव, कार्ट आणि वस्तू मिळून कंपोझिट की (दोन कॉलमची मिळून एक ओळख) करायच्या भानगडीत पडू नकोस, हायबरनेटमध्ये त्यासाठी वेगळा की क्लास, त्याचं इक्वल्स, त्याचा हॅशकोड असलं सगळं लचांड मागे लागतं. पण या दोन कॉलमवर मिळून युनिक कन्स्ट्रेंट मात्र डेटाबेसमध्येच टाक, एका कार्टमध्ये एक वस्तू एकाच ओळीत. हा कन्स्ट्रेंट पुढे तुला वाचवणार आहे, कसा ते सांगतो.

वस्तू म्हणालो, प्रॉडक्ट नाही म्हणालो, ते मुद्दाम. तुमच्याकडे भाजणीची चकली पाव किलो, अर्धा किलो, एक किलो अशी मिळते ना, आणि किलोचा भाव काही पाव किलोच्या चौपट नसतो. मग किंमत प्रॉडक्टवर ठेवून कसं चालेल? प्रॉडक्ट म्हणजे ‘भाजणीची चकली’, त्याचं नाव, फोटो, वर्णन, एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक). आणि त्याखाली व्हेरियंट, ज्याच्यावर पाकिटाचं वजन, किंमत, स्टॉक. ग्राहक कार्टमध्ये टाकतो तो व्हेरियंट. उद्या मामांनी एप्रिलमध्ये हापूस विकायचा ठरवला तरी चार डझनाची पेटी आणि पाच डझनाची पेटी हे दोन व्हेरियंट होतील, टेबलं बदलावी लागणार नाहीत. क्वांटिटी त्यामुळे कायम पूर्णांक राहते, ०.२५ किलो असली अपूर्णांकाची कटकट संपली.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो. कार्टचं स्टेटस बदलून ऑर्डर करणं. हे जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा करतो कारण दोन्ही दिसतात सारखेच, वर एक डोकं आणि खाली ओळी. पण कार्ट म्हणजे वाण्याला द्यायची यादी, घरी बसून खोडा, वाढवा, फाडून टाका. ऑर्डर म्हणजे फाडून हातात दिलेली पावती, तिच्यावरचा आकडा नंतर कोणी बदलायचा नाही. कार्टलाइनने व्हेरियंटकडे बोट दाखवलं तर उत्तमच, कारण आज भाव वाढला तर कार्टमध्ये आजचाच भाव दिसायला हवा. ऑर्डरच्या ओळीने किमतीसाठी व्हेरियंटकडे बोट दाखवलं तर मात्र गेलास कामातून.

उदाहरण तुमच्याच धंद्यातलं देतो. पॅकबंद फरसाणावर १२ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. समज तुझी साइट तेव्हा चालू असती आणि जीएसटीचा दर प्रॉडक्टवर असता. तू २२ तारखेला सकाळी दर बदललास, आणि त्याच क्षणी ऑगस्टमधल्या गणपतीच्या सगळ्या ऑर्डरींचा टॅक्स पण बदलला, कारण त्या ऑर्डरी बिल छापताना दर प्रॉडक्टवरूनच उचलतात. मामांच्या सीएने रिटर्न भरलंय १२ ने, साइटवरून बिलाची कॉपी काढली तर येते ५ ची. वर एखाद्या गिऱ्हाइकाला चकल्यांचा चुरा आला म्हणून पैसे परत करायचे झाले तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच काढायला लागते, तो दर आता आणायचा कुठून?

म्हणून ऑर्डर आणि ऑर्डरलाइन या पूर्ण वेगळ्या एंटिटी, वेगळी टेबलं. चेकआउटच्या वेळी कार्टच्या प्रत्येक ओळीवरून ऑर्डरलाइन तयार करायची आणि तिच्यात सगळं कॉपी करून टाकायचं: प्रॉडक्टचं नाव, पाकिटाचं वर्णन, एचएसएन, एका पाकिटाची किंमत, जीएसटीचा दर, क्वांटिटी, करपात्र रक्कम, कर, ओळीची बेरीज. नॉर्मलायझेशनच्या (एक माहिती एकाच जागी ठेवायच्या) तासाला शिकवलेलं आठवून हात थरथरेल, पण ही डुप्लिकेट माहिती नाहीच मुळी. ‘चकलीचा भाव’ आणि ‘या ऑर्डरमध्ये लावलेला चकलीचा भाव’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, योगायोगाने एके दिवशी सारख्या होत्या इतकंच. व्हेरियंटचा दुवा ऑर्डरलाइनवर ठेव हवा तर, पण तो ‘या महिन्यात अर्धा किलोची किती गेली’ अशा रिपोर्टपुरता, बिल छापताना तिकडे बघायचंही नाही. पत्त्याचंही तसंच, ऑर्डरवर पत्ता कॉपी कर, नाहीतर गिऱ्हाईक दादरहून डोंबिवलीला राहायला गेलं, प्रोफाइलमध्ये पत्ता बदलला आणि मागच्या वर्षीचं पार्सल पण कागदोपत्री डोंबिवलीला गेलं. आणि एखादी वस्तू बंद झाली तर तिची ओळ डिलीट करू नकोस, ‘चालू आहे की नाही’ असा एक कॉलम ठेव.

एक छोटी गोष्ट, टेबलाचं नाव नुसतं ‘ऑर्डर’ ठेवू नकोस, तो एसक्यूएलचा राखीव शब्द आहे, हायबरनेटने काढलेली क्वेरी थेट सिंटॅक्स एररला जाईल. ‘ऑर्डर्स’ ठेव किंवा ‘कस्टमर_ऑर्डर’.

आता पैसे. डबल आजच्या आज काढ. ०.१ अधिक ०.२ डबलमध्ये नीट ०.३ येत नाही हे माहीत असेलच. जावामध्ये बिगडेसिमल, डेटाबेसमध्ये न्यूमेरिक, दशांशानंतर दोन स्थळं. बिगडेसिमल बनवताना डबल देऊन बनवू नकोस, स्ट्रिंग देऊन बनव, नाहीतर डबलमधला कचरा जसाच्या तसा आत येतो. आणि दोन रकमा सारख्या आहेत का हे इक्वल्सने बघू नकोस, त्याला २.० आणि २.०० वेगळे वाटतात, कंपेअरटू वापर.

पण नुसतं बिगडेसिमल लावून सुटका नाही, राउंडिंग राहतंच. फरसाणाचं पाकीट ९९ रुपये, किंमत ५ टक्के जीएसटी धरून. ९९ भागिले १.०५ म्हणजे ९४.२८५७, राउंड केलंस ९४.२९. कर राहिला ४.७१४२, त्याचा निम्मा सीजीएसटी (केंद्राचा) आणि निम्मा एसजीएसटी (राज्याचा), म्हणजे प्रत्येकी २.३५७१, राउंड केलंस २.३६. आता बेरीज कर: ९४.२९ अधिक २.३६ अधिक २.३६, झाले ९९.०१. गिऱ्हाइकाने भरलेत ९९. हा एक पैसा शोधत महिनाअखेरीला माणसं बसलेली मी बघितलीयेत. उपाय असा की दोन्ही कर आधी राउंड करायचे आणि करपात्र रक्कम वजाबाकीने काढायची, ९९ वजा ४.७२ म्हणजे ९४.२८, आणि हे तिन्ही आकडे ऑर्डरलाइनवर वेगवेगळ्या कॉलममध्ये एकदाच लिहून ठेवायचे. बिलात, रिपोर्टमध्ये, सीएच्या एक्सेलमध्ये तेच आकडे वाचायचे, परत गणित कुठेच करायचं नाही. आयजीएसटीचा कॉलम पण आत्ताच ठेव, पार्सल बेळगावला गेलं की राज्य बदललं, मग सीजीएसटी-एसजीएसटी लागत नाही, आयजीएसटी लागतो.

कार्टवर एकूण रकमेचा कॉलम नको, ती दर वेळी ओळींवरून काढ. ऑर्डरवर मात्र हवाच.

मामांकडे जीएसटी नंबर आहे असं तू लिहिलंयस म्हणून हेही सांगतो. ऑर्डरचा प्रायमरी की (टेबलातला तिचा आयडी) हाच बिल नंबर म्हणून छापू नकोस. नियम असा आहे की बिलाचे नंबर ओळीने असले पाहिजेत, जास्तीत जास्त १६ अक्षरांचे, आणि एका आर्थिक वर्षात एक नंबर एकदाच. पोस्टग्रेसच्या सिक्वेन्समध्ये (आयडीचे नंबर वाटणारा काउंटर) खाडे पडतात, ट्रान्झॅक्शन (सगळं होईल किंवा काहीच नाही असा बदलांचा संच) रोलबॅक झालं, म्हणजे मागे फिरलं, तरी उचललेला नंबर परत जात नाही, आणि हायबरनेट तर डिफॉल्टने पन्नास-पन्नासचा गठ्ठा उचलतो, सर्व्हर रीस्टार्ट केलास की उरलेले गेले. तेव्हा बिल नंबरसाठी वेगळं छोटं टेबल, आर्थिक वर्षाला एक ओळ, ती लॉक करून वाचायची, एकने वाढवायची, आणि हे सगळं बिल सेव्ह करायच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. लॉकमुळे बिलं एकामागून एक लागतील, पण दादरच्या एका दुकानाला त्याने काही फरक पडत नाही.

पान रखडण्याचं कारण तुझ्या मॅपिंगमध्ये आहे. जेपीएमध्ये (हायबरनेट पाळतो ते जावाचं प्रमाण) मेनी-टू-वन आणि वन-टू-वन हे डिफॉल्टने ईगर (लगेच उचलणारे) असतात, वन-टू-मेनी आणि मेनी-टू-मेनी लेझी (लागेल तेव्हाच उचलणारे). तू तर सगळंच ईगर केलंयस, वर कस्टमरमध्ये त्याच्या सगळ्या कार्टची लिस्ट, आणि तुझ्याकडे जुनी कार्ट म्हणजेच जुन्या ऑर्डरी. म्हणजे हेडरमध्ये गिऱ्हाइकाचं नाव दाखवायला तू त्याचा अख्खा इतिहास उचलतोयस. सगळं लेझी कर, मेनी-टू-वन पण, हाताने लिहून.

लेझी केल्यावर लगेच दुसरं दुखणं उभं राहील. कार्टमध्ये दहा वेगवेगळ्या वस्तू, पानावर लूप फिरतो, तर कार्टची एक क्वेरी, ओळींची एक, मग प्रत्येक व्हेरियंटची एक आणि प्रत्येक प्रॉडक्टची एक, बावीस झाल्या. स्प्रिंग बूटमध्ये ओपन-इन-व्ह्यू (पान बनेपर्यंत हायबरनेटचं सेशन उघडं ठेवणं) डिफॉल्टने चालू असतं म्हणून हे सगळं गुपचूप चालून जातं, ते बंद कर म्हणजे चूक तोंडावर येईल. आणि कार्टच्या पानासाठी एक क्वेरी लिही जी कार्टलाइनपासून सुरू होऊन व्हेरियंट आणि प्रॉडक्ट जॉइन-फेचने एकदम आणते. एकाकडून एकाकडे जाणारी साखळी असल्यामुळे ओळी वाढत नाहीत. फोटोंची लिस्ट मात्र त्यात ओढू नकोस. ओळींची लिस्ट आणि फोटोंची लिस्ट दोन्ही एकदम फेच करायला गेलास की हायबरनेट मल्टिपल-बॅग-फेचची एक्सेप्शन फेकतो, मग नेटवर कोणीतरी सांगतं लिस्टचा सेट कर, एक्सेप्शन जाते खरी, पण दहा वस्तू गुणिले चार फोटो अशा चाळीस ओळी डेटाबेसमधून येतच राहतात. कार्टला एकच छोटा फोटो लागतो, त्याचा पत्ता प्रॉडक्टवर एका कॉलममध्ये ठेव आणि मोकळा हो.

नातं कुठे मॅप करायचं याचा माझा नियम साधा आहे: ज्या दिशेने कोडमध्ये खरंच चालत जातो तिथेच. कार्टकडून ओळींकडे, हो. ऑर्डरकडून तिच्या ओळींकडे, हो. कस्टमरकडून ऑर्डरींकडे, नाही, ‘माझ्या ऑर्डरी’ हे पान दहा-दहाने दाखवायचं असतं आणि लिस्टला पेजिंग करता येत नाही, रिपॉझिटरीत (डेटाबेसशी बोलणाऱ्या इंटरफेसमध्ये) क्वेरी लिही. व्हेरियंटकडून कार्टलाइनकडे तर अजिबात नाही.

कार्ट आणि ओळींमध्ये दोन्ही बाजूंनी मॅपिंग कर, फॉरेन की (दुसऱ्या टेबलाच्या ओळीचा आयडी) ओळीकडे, आणि कार्टच्या बाजूला मॅप्डबाय लिहायला विसरू नकोस, नाहीतर हायबरनेट तिसरंच टेबल बनवून ठेवतो. तिथे कॅस्केड ऑल (कार्टचं जे होईल ते ओळींचंही) आणि ऑर्फन रिमूव्हल (कार्टमधून काढलेली ओळ डिलीट) चालेल, ओळीला कार्टशिवाय अर्थच नाही. पण ओळीकडून व्हेरियंटकडे कसलंही कॅस्केड नको. तुझ्या कोडमध्ये आत्ता कार्टकडून प्रॉडक्टकडे ते आहे. कार्ट डिलीट केली की मेनी-टू-मेनीवरच्या कॅस्केड ऑलमुळे चकलीच प्रॉडक्टच्या टेबलातून डिलीट करायला जाईल, दुसऱ्या कोणाच्या कार्टमध्ये ती असली तर फॉरेन की अडवेल, नसली तर गेली चकली.

लाँबोक या कोड आपोआप लिहिणाऱ्या लायब्ररीचं डेटा अ‍ॅनोटेशन एंटिटीवर लावलंयस तेही काढ. दोन्ही बाजूंनी मॅपिंग असलं की कार्टचं टूस्ट्रिंग ओळींना छापतं, ओळ कार्टला छापते, स्टॅक भरून सर्व्हर ओरडतो. जेसन बनवताना पण हाच गरगरा, म्हणून एंटिटी थेट बाहेर पाठवू नकोस, डीटीओ (फक्त बाहेर द्यायच्या माहितीचा वेगळा क्लास) कर. स्टेटसचा एनम (ठरावीक पर्यायांची यादी) स्ट्रिंग म्हणून सेव्ह कर, डिफॉल्ट ऑर्डिनल (यादीतला क्रमांक) असतो, मधे एक नवीन स्टेटस घुसवलंस की पुढच्या सगळ्यांचे अर्थ सरकतात.

आता तो युनिक कन्स्ट्रेंट. माणूस लोकलमध्ये उभा, एका हाताने वरची कडी, दुसऱ्या हातात मोबाइल, ‘कार्टमध्ये टाका’ दाबलं, नेटवर्क नाही, परत दाबलं. दोन्ही रिक्वेस्ट एकदम पोचतात, दोघी बघतात ओळ नाही, दोघी इन्सर्ट करतात. कन्स्ट्रेंट असेल तर दुसरी आपटते, नसेल तर चकलीच्या दोन ओळी. आपटली की त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये सावरायला जाऊ नकोस, पोस्टग्रेस ते ट्रान्झॅक्शन बाद करतो आणि हायबरनेटचं सेशनही भरवशाचं राहत नाही, नवीन ट्रान्झॅक्शन उघडून परत कर. आणि मोबाइलवरून ‘एक वाढव’ असं पाठवूच नकोस, ‘क्वांटिटी दोन कर’ असं पाठव, मग दहा वेळा आलं तरी दोनच.

स्टॉक वाचून, जावामध्ये वजा करून, परत लिहायचा हा प्रकार दिवाळीत टिकणार नाही, शेवटचं पाकीट दोघांना विकलं जाईल. थेट अपडेट क्वेरी चालव: स्टॉकमधून एवढे वजा कर, जिथे आयडी हा आणि स्टॉक निदान एवढा. किती ओळी बदलल्या ते परत येतं, शून्य आलं म्हणजे माल संपला. एका ऑर्डरमधल्या ओळी व्हेरियंटच्या आयडीच्या क्रमाने घे, नाहीतर एकाने आधी चकली मग चिवडा आणि दुसऱ्याने आधी चिवडा मग चकली लॉक केला की डेडलॉक, दोघेही एकमेकांसाठी अडकून. हे अपडेट हायबरनेटच्या मेमरीतल्या ऑब्जेक्टला कळत नाही एवढं लक्षात ठेव, नंतर तोच व्हेरियंट वाचायचा असेल तर रिफ्रेश कर.

पेमेंट ही पण वेगळी एंटिटी, आणि एका ऑर्डरला अनेक. यूपीआय एकदा फेल होतं, दुसऱ्यांदा पेंडिंग राहतं, तिसऱ्यांदा होतं, आणि मग दुसऱ्यांदाचेही पैसे कापल्याचा निरोप येतो. प्रत्येक प्रयत्न एक ओळ, गेटवेचा (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचा) व्यवहार क्रमांक युनिक, म्हणजे तोच निरोप दोनदा आला तरी ऑर्डर दोनदा पक्की होत नाही.

लॉगिन न केलेल्यांची कार्ट तू विचारली नाहीस पण लागेल. कार्टवरचा कस्टमर नलेबल (रिकामा चालेल असा) ठेव, आणि कुकीत द्यायला एक लांबलचक रँडम टोकन. कस्टमरच्या कॉलमवर युनिक टाकलास तरी पोस्टग्रेसमध्ये नल कितीही चालतात. लॉगिन झालं की दोन कार्ट एकत्र करायच्या, एकच वस्तू दोन्हीकडे असेल तर मी मोठी क्वांटिटी घेतो, बेरीज नाही करत, कारण बऱ्याचदा माणसाने तीच यादी मोबाइलवर परत भरलेली असते.

राहिल्या तुझ्या आत्तापर्यंतच्या ऑर्डरी. नवीन टेबलं फ्लायवेच्या (डेटाबेसचे बदल क्रमाने चालवणारं साधन) स्क्रिप्टने बनव, हायबरनेटला टेबलं बनवायला सांगू नकोस, फक्त व्हॅलिडेट (टेबलं जुळतात का एवढंच बघणं) ठेव. जुन्या कार्टमधून ऑर्डरलाइन भरताना किंमत प्रॉडक्टच्या टेबलातून उचलू नकोस, मध्ये मामांनी भाव बदललेत असं तूच लिहिलंयस. गेटवेच्या रिपोर्टमधून प्रत्येक व्यवहाराची रक्कम काढ, ओळींची बेरीज तिच्याशी जुळते का बघ, ज्या जुळणार नाहीत त्या मामांच्या बिलबुकाशी ताडून हाताने भर. ओळखीतल्या लोकांच्याच आहेत, फार नसतील, आणि हे पुढच्या रिटर्नची तारीख यायच्या आत उरक.